‘पूर्वी गाव असं नव्हतं’: इंग्लिश खेड्यांच्या आठवणी वाचताना



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हांला विचारलं, की इंग्लंडातल्या खेड्यांच्या आठवणींशी आपल्याला काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर लगेच देत नाही, शेवटी त्याच्याकडे येऊच. सुरुवात मात्र एका वाक्यापासून करतो. ते वाक्य तुमच्या घरात बोललं जातं, आमच्या घरातही बोललं जातं: ‘पूर्वी गाव असं नव्हतं.’

रेमंड विल्यम्स नावाचे एक मोठे समीक्षक होऊन गेले. वेल्सच्या सीमेवरच्या एका खेड्यात वाढलेले, रेल्वेतल्या सिग्नलमनचे चिरंजीव. त्यांचं ‘द कंट्री अँड द सिटी’ हे पुस्तक १९७३ साली आलं. त्यात सुरुवातीलाच ते एक गमतीचा प्रयोग करतात. जुनं, एकजिनसी, सुखी इंग्लिश खेडं नेमकं कधी संपलं याचा ते शोध घेऊ लागतात. १९३०च्या आसपासचे लेखक म्हणतात, आत्ता आत्ता संपलं, आमच्या डोळ्यांदेखत. म्हणून थोडं मागे जावं तर १९१२ सालचा जॉर्ज स्टर्ट ‘चेंज इन द व्हिलेज’मध्ये तेच सांगतोय. आणखी मागे हार्डी, त्याच्या मागे जॉर्ज एलियट, मग कॉबेट, मग जॉन क्लेअर. असं करत करत माणूस थेट नंदनवनापर्यंत पोचतो. विल्यम्स याला सरकता जिना म्हणतात. प्रत्येक पिढी त्या जिन्यावर उभी असते आणि प्रत्येकीला वाटतं, खरं गाव आपल्या लहानपणी होतं.

याचा अर्थ आठवणी खोट्या असतात असा घ्यायचा का? विल्यम्सही तसं म्हणत नाहीत आणि आम्हांलाही तसं म्हणायचं नाही. पण हा जिना एकदा दिसला, की गावच्या आठवणींचं कोणतंही पुस्तक पूर्वीसारखं भाबडेपणानं वाचता येत नाही. आम्ही स्वतः ही पुस्तकं पहिल्यांदा वाचली ती निव्वळ विरंगुळा म्हणून. थंडीच्या दिवसांत, गोधडीत बसून. दुसऱ्या वाचनात मात्र एक गोष्ट लक्षात आली, आणि आज तेवढीच तुमच्यापुढे ठेवायची आहे. चांगल्या पुस्तकात लेखकाचा हळवेपणा आणि त्याने दिलेला तपशील यांचं भांडण चालू असतं. जिथे तपशील जिंकतो, तिथे आठवणीचा इतिहास होतो. जिथे हळवेपणा जिंकतो, तिथे उरतं ते भिंतीवरचं कॅलेंडर.

पहिलं उदाहरण फ्लोरा थॉम्पसन यांचं. जन्म १८७६, ऑक्सफर्डशरमधली ज्युनिपर हिल नावाची वाडी, वडील गवंडीकाम करणारे. शिक्षण गावच्या शाळेपुरतं. पुढे पोस्टात नोकरी, मग संसार, आणि साठी ओलांडल्यावर १९३९ मध्ये ‘लार्क राइज’ हे पुस्तक. आणखी दोन भाग आले आणि १९४५ साली तिन्ही मिळून ‘लार्क राइज टु कँडलफर्ड’ या नावाने एकत्र निघाले. त्यात स्वतःला त्यांनी ‘लॉरा’ म्हटलंय, म्हणजे आठवणी स्वतःच्या पण सांगणं तिसऱ्या व्यक्तीचं. १९४५च्या त्या आवृत्तीला मॅसिंगहॅम यांची प्रस्तावना आहे आणि त्यांनी पुस्तकाकडे एका गेलेल्या ग्रामीण इंग्लंडचा शोकलेख म्हणून पाहिलं. लोकांनी तेच वाचन उचललं. २००८ पासून बीबीसीने त्यावर मालिका केली, तीही छान उजेडातली, स्वच्छ कपड्यांतली.

आता पुस्तक उघडा. थॉम्पसनबाई एके ठिकाणी म्हणतात खरं, की तेव्हाची माणसं गरीब होती पण आजच्यापेक्षा सुखी होती. झालं, जिना सुरू! पण त्याच बाई, त्याच हाताने, शेतमजुराची आठवड्याची मजुरी लिहून ठेवतात: दहा शिलिंग. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे अर्धा पौंड. त्यात आठ-दहा तोंडं. घरात झोपायची जागा एवढीच, की मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की कुणाच्या तरी घरी कामाला पाठवायच्या. कारण दोन: एक खाणारं तोंड कमी होतं आणि भावंडांना अंथरूण पसरायला जागा होते. घरच्या डुकराचं मांस असायचं, पण त्यातला मोठा वाटा कामावर जाणाऱ्या पुरुषाचा. आईच्या वाट्याला काय यायचं, ते वाचकाने ओळखायचं.

बाई हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. हिशेब मांडावा तसं मांडतात. म्हणून ते ‘सुखी होती’ वाक्य आपण वाचतो आणि मनात म्हणतो, बाई, तुमच्याच वहीत काही वेगळं लिहिलंय. आमच्या मते हे पुस्तकाचं मोठेपण आहे. स्वतःच्या हळवेपणाविरुद्धचा पुरावा लेखिकेने लपवलेला नाही.

आणि ‘लार्क राइज’चा शेवट पाहा. कुठे थांबतं ते पुस्तक? चर्चच्या भिंतीवरच्या पितळी पाटीपाशी. पहिल्या महायुद्धात त्या एवढ्याशा वस्तीतले अकरा जण परत आले नाहीत. त्या नावांमध्ये लॉराच्या भावाचंही नाव आहे. थॉम्पसनबाईंचा स्वतःचा भाऊ १९१६ साली पडला होता. तीसेक घरांची वाडी आणि अकरा नावं. याला शोकलेख म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. पण मग शोक कशाचा, हे नीट सांगा. फुलझाडांचा नव्हे.

दुसरं पुस्तक जॉर्ज यूअर्ट इव्हान्स यांचं. हे गृहस्थ मूळ वेल्सच्या कोळसाखाणींच्या मुलखातले. १९४८ साली पत्नीला सफक परगण्यातल्या ब्लॅक्सहॉल गावी शाळेत नोकरी मिळाली म्हणून हे कुटुंब तिथे राहायला गेलं. इव्हान्स यांना ऐकू कमी येत होतं, आणि योगायोग असा, की याच माणसाने पुढे आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकण्याचं काम केलं. शेजारपाजारची माणसं सत्तरी-पंचाहत्तरीची. मेंढपाळ, नांगरे, त्यांच्या बायका. त्यांच्याशी झालेल्या गप्पांतून १९५६ साली ‘आस्क द फेलोज हू कट द हे’ निघालं.

इव्हान्स यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. ते ‘तेव्हा तुम्हांला कसं वाटायचं?’ असं फारसं विचारत नाहीत. ते विचारतात, ‘ते काम कसं करायचात?’ पाव भाजायची विटांची भट्टी कशी तापवायची? डुक्कर कापल्यावर मांस कसं टिकवायचं? मेंढ्यांच्या गळ्यात घंटा कशासाठी? या प्रश्नांना हळवं उत्तर देता येत नाही. हात कसे हलायचे तेच सांगावं लागतं. आणि हात बोलायला लागले की शब्द बाहेर येतात, कोशात नसलेले, त्या मातीतले. घोड्याच्या शेतीच्या जागी ट्रॅक्टर आला तेव्हा अवजारं गेली आणि अवजारांबरोबर त्यांची बोलीही जायला निघाली. इव्हान्स नेमके त्या उंबरठ्यावर वही घेऊन उभे होते.

त्यांच्यावर एक आक्षेप घेता येतो. जुन्या कामांत त्यांना फार प्राचीन, अखंड अशी परंपरा दिसते, आणि ती दाखवायच्या उत्साहात मालक आणि मजूर यांच्यातला ताण कधी कधी मागे पडतो. आक्षेपात तथ्य आहे. पण त्यांनी दिलेला तपशील इतका ठोस आहे, की तो ताण वाचकालाच सापडतो.

एक नमुना देतो. आपल्याकडे ‘सरवा’ हा शब्द आहे. पीक काढून नेल्यावर शेतात राहिलेली कणसं वेचायची. तसा सरवा सफकमध्येही होता. बायका आणि मुलं जायची, आणि वेचलेल्या गव्हाच्या पिठावर घरचा हिवाळा बराचसा निघायचा. त्याला नियम होते. शेतकरी शेतात एक पेंढी मुद्दाम उभी ठेवायचा. तिला म्हणायचे ‘पोलीस’. ती पेंढी हलल्याशिवाय शेतात पाय टाकायचा नाही. सकाळी चर्चची घंटा वाजली की सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची, म्हणजे पहाटे उठून कुणी जास्त वेचायला नको. किती छान, नाही? गावाचा सामंजस्याचा नियम.

आता याच्या शेजारी दुसरा कागद ठेवू या. १७८८ साली इंग्लंडच्या न्यायालयात एक खटला निकाली निघाला. जागा पुन्हा सफकच, गाव टिमवर्थ. स्टील नावाच्या जमीनधारकाने मेरी हॉटन या बाईवर दावा लावला होता, की ही माझ्या शेतात सरवा वेचायला शिरली. न्यायालयाने निकाल दिला, की सरवा वेचण्याचा गरिबांना कायद्याने हक्क नाही. आणि तरी, शंभर वर्षांनंतरही इव्हान्स यांच्या शेजारणी लहानपणी घंटा वाजली की शेतात जात होत्या!

म्हणजे काय झालं? नुसता निकाल वाचला तर वाटेल, १७८८ साली सरवा संपला. नुसती आठवण ऐकली तर वाटेल, सरवा ही गावची गोड रीत होती, सगळ्यांच्या संमतीची. दोन्ही शेजारी ठेवले की कळतं, कायद्याने हक्क काढून घेतला होता, पण बायकांनी तो सोडला नव्हता. ती ‘पोलीस’ पेंढी आणि ती घंटा म्हणजे रोज जमिनीवर चाललेली वाटाघाट होती. व्यक्तिगत आठवण आणि स्थानिक इतिहास यांचं नातं आम्हांला असं दिसतं. एकाने दुसऱ्याला खोटं पाडण्यासाठी ते नाही. एकाने दुसऱ्याला प्रश्न विचारण्यासाठी आहे.

तिसरं पुस्तक सगळ्यांत गाजलेलं, आणि आमचं सगळ्यांत आवडतं: रोनाल्ड ब्लाइथ यांचं ‘एकनफील्ड’, १९६९. हेही सफकमधलंच. एकनफील्ड या नावाचं गाव नकाशावर नाही. चार्सफील्ड आणि आसपासची गावं मिळून ब्लाइथ यांनी ते उभं केलं. १९६६-६७च्या सुमारास ते गावकऱ्यांशी बोलत हिंडले. लोहार, छपरं शाकारणारा, घंटा वाजवणारे, शिक्षिका, सफरचंदाच्या बागेतला तरुण कामगार. प्रत्येकाचं निवेदन प्रथमपुरुषी. १९७४ मध्ये पीटर हॉल यांनी त्यावर चित्रपट केला, त्यात अभिनय गावातल्याच लोकांचा, आणि पाद्र्याच्या भूमिकेत खुद्द ब्लाइथ.

पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात एक म्हातारा शेतमजूर बोलतो. १९१४ साली तो सैन्यात गेला आणि पुढे गॅलिपोलीला लढला. तो सांगतो, की भरती झाल्यावर प्रशिक्षणाच्या चार महिन्यांत त्याचं वजन जवळजवळ एक स्टोन वाढलं, म्हणजे सहा किलोच्या आसपास. सैन्यातल्या खाण्याने वाढलं, असं लोक म्हणत. तो म्हणतो, तसं नव्हतं. जन्मात पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर शेतीतलं ते ढोरकाम नव्हतं. लष्करी कवायत ही ज्याला विश्रांती वाटली, त्याचं त्याआधीचं आयुष्य कसं असेल? ‘पूर्वी गाव असं नव्हतं’ म्हणणाऱ्याला हे एक पान वाचायला द्यावं.

गावोगाव फिरणारी नर्स बोलते, तेही वाचा. पूर्वी म्हाताऱ्यांना किती मान होता, एकत्र राहायचे, असं आपण सगळेच म्हणतो. ही बाई सांगते, की म्हातारी माणसं घरात कुठेतरी कोपऱ्यात सारलेली असत; काही तर तिला कपाटात सापडली. आणि थडगी खणणारा, ज्याचं आयुष्य गावच्या मातीत माणसं पुरण्यात गेलं, तो स्वतःसाठी मात्र दहन मागतो, राख वाऱ्यावर सोडा म्हणतो. गावच्या मातीत मिसळून जाण्याविषयी जे गोड गोड लिहिलं जातं, त्याला त्या मातीत रोज हात घालणाऱ्या माणसाचं हे उत्तर आहे.

आता समीक्षा म्हणून दोष सांगायलाच हवेत. एक, गाव संमिश्र आहे आणि बरीच नावं बदललेली आहेत. त्यामुळे एखाद्या संशोधकाला दफ्तर उघडून पडताळा घ्यायचा तर धागा हाती लागत नाही. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी यावर नाराजी दाखवली आणि ती योग्यच आहे. दोन, लोहार असो की शिक्षिका, बोलण्याला ब्लाइथ यांची लय आहे. माणसं जरा जास्तच सुंदर बोलतात. तीन, पुरुषांच्या मानाने बायका कमी. कामाची ज्याला ‘काम’ म्हणून नोंद होते, त्याच्याभोवती पुस्तक रचलेलं आहे. चुलीपाशी जे चाललं होतं, ते त्यात अर्धवट येतं.

हे दोष मान्य करूनही आम्ही पुस्तकाच्या बाजूने उभे राहतो. कारण ब्लाइथ त्याच सफकमध्ये गरिबीत वाढलेले, आणि तरीही ते मध्ये पडून कुणाची समजूत काढत नाहीत. शेतमजूर म्हणतो, आमचा जीव जाईपर्यंत आम्हांला राबवलं. ब्लाइथ ते तसंच ठेवतात, खाली ‘पण तरी ते दिवस…’ असं शेपूट जोडत नाहीत. ज्यांनी कुणी आपल्या गावच्या वृद्धांवर लेख लिहिलाय, त्यांना माहीत आहे, की ते शेपूट न जोडणं किती अवघड असतं.

लॉरी ली यांच्या ‘सायडर विथ रोझी’बद्दल थोडक्यात बोलतो. १९५९ सालचं पुस्तक, ग्लॉस्टरशरमधल्या स्लॅड गावचं बालपण. भाषा इतकी रसाळ, की काही पानांनंतर आम्हांला शंका येऊ लागते. आठवणीचे धोकेही इथेच दिसतात: एका कारखान्याच्या आगीबद्दल लिहिलेल्या मजकुरावरून बदनामीचा दावा झाला आणि पुढच्या आवृत्तीत मजकूर बदलावा लागला. कवीची आठवण कोर्टात टिकत नाही, हा धडा. पण त्याच पुस्तकात एका खुनाची हकिकत आहे. परदेशातून पैसे कमावून आलेला एक जण गुत्त्यात बढाया मारतो. रात्री काही तरुण त्याला गाठून मारतात आणि बर्फात टाकून देतात. कुणी मारलं ते गावाला ठाऊक असतं. पोलीस येतात, विचारतात. गाव बोलत नाही.

आमच्या दृष्टीने हे त्या पुस्तकातलं सर्वांत खरं प्रकरण. गावची एकी, जिचे आपण गोडवे गातो, तिचा दुसरा अर्थ इथे कळतो. जी एकी अडीअडचणीला धावून येते, तीच एकी खून पचवते. गावची आठवण म्हणजे गावाने काय लक्षात ठेवलं एवढंच नाही. गावाने मिळून काय सांगायचं नाही असं ठरवलं, तेही त्यात येतं.

मग कागदपत्रं बोलतात का? इंग्लंड या बाबतीत भाग्यवान आहे. १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम झाला. १८४१ पासून जनगणनेत घराघरातली नावं आहेत. लेस्टर विद्यापीठात १९४८ साली स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला. त्यामागचे हॉस्किन्स, त्यांनी १९५५च्या ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप’मध्ये शिकवलं, की कुंपण, पायवाट, बांध हेसुद्धा दफ्तरच आहे, फक्त वाचता आलं पाहिजे.

त्या दृष्टीने पुन्हा लार्क राइजकडे जाऊ या. पुस्तकात एक म्हातारी आहे, सॅली. तिला आठवतं, की तिच्या लहानपणी ही वाडी मोकळ्या माळावर होती, मध्ये हिरवळ आणि भोवती फक्त सहा घरं. तिच्या वडिलांकडे गाय होती, बदकं-हंस होते, गाढवाची गाडी होती. लॉराच्या वेळी मात्र माळ नाही, गायी नाहीत, तीस घरं आणि दहा शिलिंग. मधे काय घडलं? याचं उत्तर दफ्तरात आहे. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने पाच हजारांहून जास्त कायदे करून सामायिक जमिनी कुंपणात घातल्या, सुमारे ६८ लाख एकर, इंग्लंडच्या एकूण भूभागाचा पाचवा हिस्सा. आपल्या भाषेत सांगायचं तर गायरान गेलं. कवी जॉन क्लेअर याच्या हेल्पस्टन गावासाठी तो कायदा १८०९ साली झाला, तो ऐन पोरवयात असताना, आणि ती जखम त्याच्या कवितेत कायम राहिली.

इथे मात्र सरकत्या जिन्याचं गणित चुकतं. सॅली म्हणते ‘पूर्वी गाव असं नव्हतं’ आणि ते अक्षरशः खरं आहे. तिचं वाक्य हळवं नाही, ती मालमत्तेबद्दल बोलतेय. विल्यम्स यांनाही हे ठाऊक होतं, म्हणूनच ते म्हणतात, की प्रत्येक वेळी ‘पूर्वी’ या शब्दाचा अर्थ वेगळा असतो, तो त्या त्या वेळी विचारावा लागतो. कोण म्हणतंय? त्याचं काय गेलं? आणि ते कुणाकडे गेलं?

आता सुरुवातीचा प्रश्न. आपला काय संबंध? १९१२ साली स्टर्ट यांचं पुस्तक आलं, आणि तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ आला. म्हणजे गावाकडे बारकाईने पाहण्याची नजर आपल्याकडे उशिरा आली, असं नाही. आज तर गावोगाव स्मरणिका निघतात, शाळांचे अमृतमहोत्सव होतात, निवृत्त मंडळी आठवणी लिहितात. आमच्याकडेही अशी पुस्तकं येतात, मोठ्या प्रेमाने लिहिलेली. नदी, आमराई, जत्रा, गुरुजी. हे सगळं हवंच. पण मजुरी किती होती? पाणवठे किती होते आणि कुणाचा कुठे? गायरान केव्हा गेलं, कुणाच्या नावावर चढलं? मुली कितवीत शाळेतून काढल्या? गावाने कोणती गोष्ट मिळून गिळली? ही पानं बहुधा नसतात.

लेखक खोटं बोलतात असं नव्हे. ज्याने विचारायचं तो घरचाच असतो आणि घरच्याला विचारणं जड जातं. पण इव्हान्स यांनी शेजारणीला एवढंच विचारलं होतं, की सरवा कसा वेचायचात? एवढ्या साध्या प्रश्नातून एक हरवलेला हक्क बाहेर आला. ज्यांना सरवा आठवतो अशी माणसं आपल्याकडे अजून आहेत. ती ऐंशीच्या पुढची आहेत. स्मरणिकेचा पुढचा अंक निघेपर्यंत ती असतीलच असं नाही.

तेव्हा घरी गेल्यावर त्यांना ‘तुमच्या वेळी किती छान होतं ना?’ असं विचारू नका. विचारा, ‘दिवसाचे किती मिळायचे?’ आणि मग मध्ये न बोलता ऐका.